बारा तारखेनंतरचे रक्तदाते

दुसऱ्या माणसानंही तेच सांगितलं. त्यानं रक्त नुकतंच दिलं होतं, याच महिन्यात, याच ट्रस्टच्या कॅम्पमध्ये. तुम्हीच चहा-बिस्किटं दिलीत आणि तुम्हीच परत बोलावता, असं तो सलमाबाजींना हसत म्हणाला. सलमाबाजींना हसू आलं नाही. त्यांच्या समोरच्या बेडवर आरुषी नावाची नऊ वर्षांची मुलगी बसली होती आणि तिचा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह होता.

सलमाबाजी म्हणजे शहागंजच्या मागच्या बाजूला थॅलेसिमियाच्या मुलांसाठी एक ट्रस्ट डे-केअर सेंटर चालवतो, तिथल्या कोऑर्डिनेटर. थॅलेसिमिया हा जन्मजात आजार. शरीरात पुरेसं निकोप रक्त तयार होत नाही, म्हणून या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं. वेळेवर मिळालं तर मूल शाळेत जातं, भांडतं, खेळतं. उशीर झाला की फिकट पडतं आणि जिना चढतानाही बसून घेतं. जूनमध्ये तर टंचाई असतेच. कॉलेजं बंद असतात, कॅम्प फारसे होत नाहीत, आणि निगेटिव्ह ग्रुपचे दाते मुळातच थोडे.

दोन फोन झाल्यावर त्यांनी तिसरा फोन आमच्या ऑफिसला लावला. सपोर्टची मुलगी रजेवर होती, म्हणून तो माझ्या टेबलावर वळवलेला होता.

"मॅडम, तुमच्या एजंटनं वर टाकलेले दोघंही आत्ताच रक्त देऊन बसलेत," त्या म्हणाल्या. "अब मैं किसको बुलाऊँ?"

आमच्या डेव्हलपरला, इमरानला, विचारून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी टेक्निकल रायटर आहे. यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणं हे माझं काम. आधी बरीच वर्षं मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यासाठी कॉम्प्रेसरची मॅन्युअल लिहिली. मग या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आले. मालक काळे सर, डेव्हलपर इमरान आणि आणखी चार-पाच जण. आमचं मुख्य प्रॉडक्ट म्हणजे स्प्रेडशीट नीट लावून देणारं एक टूल. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे कॉलम असलेला तक्ता. त्यातल्या हव्या त्या कॉलमप्रमाणे सगळ्या ओळी क्रमानं लावणं, म्हणजे सॉर्ट करणं. नावाप्रमाणे, तारखेप्रमाणे, गावाप्रमाणे. आमचं टूल एवढंच करायचं, पण झटपट करायचं.

अलीकडे हे टूल माणसांच्या जागी एआय एजंट चालवू लागले होते. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, ज्याला आपण साध्या भाषेत काम सांगतो. ते कसं करायचं आणि त्यासाठी कोणतं टूल वापरायचं, हे तो स्वतः ठरवतो. पण टूलच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. टूलबरोबर जे लिहून दिलेलं असतं तेवढंच तो वाचतो. त्या लिखाणाला डॉक्युमेंटेशन म्हणतात. आमच्या टूलबरोबर इमराननं घाईत लिहिलेली एकच ओळ होती: दिलेल्या कॉलमनुसार शीट सॉर्ट करते. काळे सरांनी ते काम महिन्याच्या शेवटी माझ्याकडे द्यायचं ठरवलं होतं. सलमाबाजींच्या फोननं ते आधीच माझ्याकडे आलं.

ट्रस्टनं आमच्याकडून टूल आणि एजंट घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पूर्वी सलमाबाजी दात्यांची शीट फक्त फोन नंबरासाठी उघडायच्या. कुणाला बोलवायचं ते त्या आणि दोन व्हॉलंटियर मिळून बोलून ठरवायचे. आता मुलं वाढली, दाते वाढले, म्हणून हे काम एजंटला दिलं होतं. अमुक ग्रुपचे दाते घे, ज्यांनी सगळ्यांत आधी रक्त दिलंय त्यांना वर लाव. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. त्यामुळं जुनी तारीख वर, हे सरळच होतं.

इमरान म्हणाला, मूळ फाइल पाहिल्याशिवाय काही कळणार नाही. त्यात दात्यांचे आजारपणाचे तपशील होते, म्हणून ट्रस्ट ती मेलवर पाठवत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः सेंटरवर गेले.

आरुषी तिथंच होती. बी निगेटिव्ह रक्त शहरातल्या एकाही ब्लड बँकेत नव्हतं. जालन्याला एक पिशवी असल्याचं कळलं होतं, ती संध्याकाळपर्यंत येणार होती. तिची आई फुलंब्रीकडून आलेली. आदल्या दिवशी रक्त चढवून संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, असा त्यांचा हिशोब होता. तो चुकला आणि दोघींना सेंटरच्या हॉलमध्ये मुक्काम करावा लागला. मुलगी पडून होती. हातात रंगाची पेन्सिल होती, पण कागद कोराच होता.

आईनं मला विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या का?"

मी हो म्हणाले.

"मंग त्याला जरा नीट सांगा की, बाई. आमाला इथं यायला दोन गाड्या बदलाव्या लागत्यात."

आवाजात राग नव्हता. शेजारणीला निरोप द्यावा तसं त्या बोलल्या. मी मान हलवली आणि सलमाबाजींच्या कॉम्प्युटरवरून फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. त्यांनी माझ्याकडून एक कागद सही करून घेतला आणि चहा पाजला. ट्रस्टच्या मंडळींनी एजंट बंद करायचं ठरवलंय, असं त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. मग म्हणाल्या की त्यांनी स्वतः दोन आठवड्यांची मुदत मागून घेतलीय. हातानं करण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा आणि तेवढा वेळ मुलांना मिळत नसे.

ऑफिसात इमराननं फाइल उघडली. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. बी निगेटिव्हचे दाते आमच्या टूलनं लावले होते. सगळ्यांत वर, जूनमध्ये रक्त दिलेले ते दोघं. त्यांच्यापुढं तारीख होती सहा फेब्रुवारी. मधल्या दात्यांची मुदत अजून भरायची होती. सगळ्यांत खाली तीन नावं, त्यांच्या तारखा डिसेंबर आणि जानेवारीतल्या. म्हणजे ज्यांना आधी बोलवायला हवं होतं, ते तळाला. त्यातला एक पडेगावचा निघाला. माझ्या घरापासून चालत जावं इतक्या अंतरावर.

तळाच्या तिघांचं कोडं इमरानला लगेच सुटलं. त्यांच्या तारखा तारखा नव्हत्याच. स्प्रेडशीटमध्ये एखाद्या चौकटीत तारीख लिहिली की आतमध्ये तिचा एक आकडा होतो, आणि क्रम त्या आकड्यावर लागतो. पण कॉम्प्युटरला ती तारीख वाटलीच नाही, तर तो तिला नुसती अक्षरं समजतो. आमचं टूल आकडे आधी लावायचं आणि अक्षरं नंतर. त्यामुळं अक्षरं झालेल्या सगळ्या तारखा मुकाट्यानं तळाला जायच्या. टूलच्या दृष्टीनं हा दोष नव्हता. इमराननं ते तसंच बनवलं होतं. फक्त ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

वरच्या दोघांचं मात्र कळेना. ते दोघं दोन जूनच्या कॅम्पला आले होते. मग सहा फेब्रुवारी कुठून आली?

मी तळाच्या तारखा पुन्हा पाहिल्या. बावीस जानेवारी, सतरा डिसेंबर, अठ्ठावीस डिसेंबर. मग पूर्ण फाइलमधल्या सगळ्या अक्षर-तारखा वेगळ्या काढायला सांगितल्या. एकही तारीख बारा किंवा त्याच्या आतली नव्हती. इमराननं स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"अमेरिकन सेटिंग," तो म्हणाला.

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात. आपण दोन जूनला आधी दोन आणि मग सहा लिहितो. तिकडच्या सेटिंगचा लॅपटॉप त्याला दुसऱ्या महिन्याची सहा तारीख समजतो. म्हणजे सहा फेब्रुवारी. आणि बावीस जानेवारी लिहिली तर तो बाविसावा महिना शोधतो. तसा महिना नसतो, म्हणून तो ते नुसती अक्षरं म्हणून सोडून देतो. थोडक्यात, बारा तारखेपर्यंतचे दाते चुकीच्या महिन्यात गेले होते आणि बारा तारखेनंतरचे तळाला.

मी सलमाबाजींना फोन करून विचारलं, कॅम्पच्या नोंदी कोण करतं? दोघं व्हॉलंटियर करतात, त्या म्हणाल्या. एक निवृत्त शिक्षिका जोशी मॅडम आणि दुसरे गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले जैनकाका. दोघंही आपापल्या लॅपटॉपवर नोंद करून मोठ्या शीटमध्ये पेस्ट करतात. जैनकाकांचा लॅपटॉप त्यांच्या मुलीनं अमेरिकेतून आणून दिलेला. काका तो फक्त कॅम्पला काढायचे, एरवी तो कपाटात असायचा. सेटिंग नावाची गोष्ट त्यांनी कधी उघडलीच नव्हती. उघडायचं कारणही नव्हतं.

अक्षर झालेल्या तारखा सुधारणं सोपं होतं. इमरान म्हणाला, ते मी कोडमध्ये करतो, बावीस आणि एक असेल तर अर्थ एकच निघतो. पण उलटलेल्या तारखांचं काय? शीटमध्ये सहा फेब्रुवारी असेल, तर ती जोशी मॅडमनी लिहिलेली खरी सहा फेब्रुवारी असू शकते, नाही तर जैनकाकांची दोन जून. कुठली नोंद कुणाची ते शीटमध्ये नव्हतं. ते टूलला कळू शकत नव्हतं, एजंटला नाही आणि आम्हालाही नाही.

मी डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं. कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलची सवय होती. टूल काय करतं, कॉलम कसा निवडायचा, हेडर म्हणजे कॉलमच्या नावांची ओळ कशी वगळायची, तारखांचे प्रकार, अक्षरांचे प्रकार. नावं देवनागरीत असतील तर 'ज्ञ' कुठं लावायचा यावर इमरानशी बराच वाद झाला. कॉम्प्युटर त्याला 'ज'मध्ये घालतो, आणि शाळेत आपण तो शेवटी शिकलो. तेही लिहिलं. चार पानं झाली. मला ती चांगली वाटली.

एजंटला ती पानं देऊन टेस्ट घेतली. त्यानं हेडरची ओळ दात्यांमध्ये मिसळली, ज्ञानेश्वरला बरोबर शेवटी ठेवलं, आणि बावीस जानेवारीवाल्याला पुन्हा तळाला टाकलं.

इमरान हसला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. तो म्हणाला की हे माणसासाठीचं मॅन्युअल झालंय. माणूस अनुक्रमणिका बघतो, हवं ते पान उघडतो, बाकीचं सोडतो. एजंट प्रत्येक कामाला सगळंच्या सगळं एकदम वाचतो. महत्त्वाची ओळ तिसऱ्या पानावर असेल, तर ती ज्ञानेश्वरच्या शेजारी तेवढ्याच वजनाची होऊन बसते. त्याचं पटलं. मी छाटायला लागले. शेवटी एक पान उरलं. सुरुवातीला टूल काय करतं, ते दोन वाक्यांत. मग ते गुपचूप काय करतं: अक्षरं तळाला टाकतं. मग कोणत्या क्रमानं तपासायचं. आणि शेवटी, ठळक, एक सूचना. एकाच कॉलममध्ये तारखा आणि तारखेसारखी अक्षरं मिसळलेली दिसली, तर सॉर्ट करू नको. थांब. नोंदी कुणी आणि कशा केल्या ते वापरणाऱ्याला विचार.

हे पान काळे सरांकडं गेलं. त्यांनी शेवटची सूचना खोडून परत पाठवलं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. सर माणूस वाईट नाही. कर्मचाऱ्यांच्या घरच्या अडचणी त्यांना माहीत असतात. पण त्या आठवड्यात पुण्याच्या एका हॉस्पिटल ग्रुपचे लोक आमचं प्रॉडक्ट बघणार होते. ते काम मिळालं असतं तर कंपनीची दोन वर्षांची चिंता मिटली असती. ट्रस्टच्या सेंटरवर आम्ही सुधारलेलं टूल चालवून दाखवू आणि पुण्याचे लोक व्हिडिओवर बघतील, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वाघमारे मॅडम, आपण काय विकतोय?" सर म्हणाले. "काम आपोआप होतं, हे विकतोय. ते मधीच थांबून प्रश्न विचारायला लागलं तर लोक म्हणतील, मग माणूसच काय वाईट होता?"

मी म्हणाले, सर, न विचारता केलं तर ते चुकीचं करेल.

"लई वेळा बरोबर करंल. एखाद्या वेळी चुकंल. माणूस चुकत नाय का?"

माणूस चुकतो, हे खरंच होतं. मी एवढंच म्हणाले की दोन्ही पानं एजंटला देऊन बघू, तुमच्यासमोर, ट्रस्टच्याच फाइलवर. मग तुम्ही ठरवा. सरांनी इमरानला बोलावलं.

सूचना नसलेलं पान आधी दिलं. एजंटनं क्षणात शीट लावली. कॉलम सरळ, तारखा एकसारख्या, खाली हिरवी खूण आणि 'काम पूर्ण' असा निरोप. इमरानच्या नव्या कोडमुळं अक्षर झालेल्या तारखाही आता सुधारून योग्य जागी आल्या होत्या. खरंच देखणं दिसत होतं. मग सूचना असलेलं पान दिलं. एजंटनं शीटला हात लावला नाही. या कॉलममधल्या काही तारखांत दिवस आणि महिना उलटले असण्याची शक्यता आहे, असं त्यानं लिहिलं. संशय असलेल्या ओळी दाखवल्या आणि नोंदी कुणी केल्या ते विचारलं.

सर पहिल्या स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, हे चांगलंय.

मला वाटलं, संपलं. सूचना नको म्हणून इमरान माझ्याशीही आधी भांडला होता. त्याच्या मते ती त्याच्या टूलची नाचक्की होती. पण तो उठला, पहिली शीट वर नेली आणि पहिली दोन नावं मोठ्यानं वाचली. आडनावांसकट.

"सर, हे ते दोघं," तो म्हणाला. "अजूनही वरच आहेत. पुढच्या मुलाच्या वेळी सलमाबाजी पुन्हा यांनाच फोन करणार. हिरवी खूण बघून करणार."

सरांनी विचारलं की त्या मुलीला शेवटी रक्त मिळालं का. मी सांगितलं, जालन्याहून आलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सर म्हणाले, ठेवा ती ओळ. आणि आम्ही बाहेर पडत असताना, काहीशा नाराजीनं, पुण्याच्या लोकांना काय सांगायचं ते मी बघतो.

डेमोच्या दिवशी आम्ही तिघं सेंटरवर गेलो. मुलांच्या बेडपासून लांब, ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप लावला. पुण्याचे तीन लोक स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होते. सलमाबाजींनी काम सांगितलं, एजंट थांबला आणि त्यानं प्रश्न विचारला. पुण्याच्या एकानं विचारलं, हँग झालं का? काळे सर म्हणाले, नाही, ते विचारतंय.

सलमाबाजींनी चष्मा लावून प्रश्न दोनदा वाचला. उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी जैनकाकांना फोन लावला. काका दुकानात होते, मागं गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. कोणते कॅम्प आपण केले ते काकांना बऱ्यापैकी आठवलं. काहींबद्दल खात्री नव्हती. उरलेल्या दात्यांना सलमाबाजींनी तिथंच बसून एकेक फोन केला. नाव सांगायच्या, सलाम किंवा नमस्कार करायच्या, आणि शेवटचं रक्त कधी दिलं ते विचारायच्या. कुणी लग्नाला गेलेला, कुणी कंपनीत पाळीवर, एकीनं फोन उचलून सांगितलं की ती आता गरोदर आहे. ती नोंद शीटमध्ये कशी असणार? सलमाबाजींनी तिचं अभिनंदन केलं आणि तिचं नाव वर्षभरासाठी बाजूला काढायला सांगितलं. पुण्याचे लोक थोडा वेळ बघत होते. मग त्यांना दुसरी मीटिंग होती.

फोन संपल्यावर एजंटला उत्तरं दिली आणि त्यानं शीट लावली. यावेळी क्रम बरोबर होता. इमराननं नोंद करणाऱ्याच्या नावाचा एक नवा कॉलम घालून दिला. जैनकाकांच्या दुकानात जाऊन, कापडाचे तागे बाजूला सारून, त्यांच्या लॅपटॉपची तारखेची सेटिंगही बदलली. काका म्हणाले, एवढंच होतं होय. इमरान म्हणाला, एवढंच होतं.

आरुषीच्या पुढच्या खेपेला पडेगावचे ते दाते आले. मी तिथं नव्हते. सलमाबाजींनी फोनवर कळवलं की रक्त सकाळीच चढलं आणि मायलेकी दुपारच्या गाडीनं गेल्या. ट्रस्टनं एजंट ठेवला. अजूनही तो अधूनमधून थांबतो आणि प्रश्न विचारतो. सलमाबाजी वैतागतात, पण उत्तर देतात.

पुण्याच्या ग्रुपनं दुसऱ्या कंपनीचं प्रॉडक्ट घेतलं. ते मध्ये काही विचारत नाही, असं त्यांच्या माणसानं काळे सरांना सांगितलं. सर बरं म्हणाले. त्या वर्षी आम्हाला बोनस मिळाला नाही, आणि आमच्या माहितीपत्रकातून 'पूर्णपणे आपोआप' हे शब्द गेले. ते कुणी काढले ते मला माहीत नाही. मी काढले नव्हते.

आता माझ्या हाताखाली दोन नवे रायटर आहेत. दोघंही टूल काय काय करतं ते उत्साहानं लिहून आणतात. मी त्यांना ते परत देते. टूलला काय येतं ते डेव्हलपर सांगतोच. टूलला काय कळत नाही, ते लिहायचा पगार आपल्याला मिळतो.